रिकामी पेटी

जुलै १९४९. ग्रीसमधलं यादवी युद्ध कम्युनिस्टांच्या हातून निसटत चाललंय. 'न' शहरातून चाळीस निवडक माणसं एक बंद पेटी घेऊन निघतात. ती 'क' शहरात पोचली की युद्धाचं पारडं फिरणार, एवढंच त्यांना ठाऊक. आत काय आहे, विचारायचं नाही. जखमी होऊन जो मागे पडेल, त्याने सायनाइड घ्यायचं. २० सप्टेंबरला पेटी पोचते. सोबत एकच माणूस उरलेला. झाकण उघडतं. आत काहीच नाही.

ग्रीक लेखक आरिस आलेक्झांद्रू यांच्या 'किवोतिओ' (म्हणजे पेटी) या कादंबरीत ही हकीकत येते ती कोठडीतून. वाचलेला माणूस २७ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर जबानी लिहीत राहतो, 'कॉम्रेड तपास अधिकाऱ्या'च्या नावे. उत्तर एकदाही येत नाही. सुरुवातीला तो पक्षाला रुचेल तेच लिहितो. मग मागची जबानी स्वतःच खोडतो, काय काय दडवलं ते मांडतो. उद्याच्या न्यायी जगासाठी काढलेल्या आज्ञांनी आपली माणसं कशी संपवली, हे त्याच्याच अक्षरात उतरत जातं. कादंबरीचा जीव पेटीपेक्षा या खाडाखोडीत आहे.

लेखकाने हे जवळून पाहिलेलं. ते माक्रोनिसोस या ग्रीक बेटावर कैदेत होते. सरकारने इथे डाव्यांना डांबलं. सुटायची वाट एकच: पश्चात्तापपत्रावर सही. ते पत्र वर्तमानपत्रात छापलं जाई, गावच्या चर्चमध्ये वाचून दाखवलं जाई. आलेक्झांद्रूंनी सही केली नाही. पक्षाचीही री ओढली नाही, म्हणून सोबतच्या कैद्यांनी त्यांना वाळीत टाकलं.

१९६६ मध्ये हाती घेतलेली कादंबरी १९७२ मध्ये पॅरिसला पुरी झाली. मधे, २१ एप्रिल १९६७ ला, लष्कराने अथेन्समध्ये सत्ता बळकावली होती.

हुकूमशहा पापादोपुलोस म्हणत, देश आजारी आहे, त्याला प्लास्टरमध्ये ठेवलंय. १९७० मध्ये अठरा लेखकांनी मिळून 'अठरा मजकूर' हा संग्रह काढला. त्यात थानासिस वाल्तिनोस यांनी तीच उपमा शब्दशः घेतली: पायाला दुखापत झालेल्या माणसाला डॉक्टर प्लास्टर घालतात, ते वर वर चढत तोंडापर्यंत येतं. कुणाचं नाव नाही, आरोप नाही. तरी वाचणाऱ्याला रोख लगेच कळे. हा संग्रह छापला नाना कालियानेसी यांच्या केद्रोस प्रकाशनाने. लष्करी राजवट कोसळल्यावर 'किवोतिओ'ही तिथूनच बाहेर पडली.