खाटा कमी, कॅमेरे जास्त

(ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेत कौटुंबिक खटले चालवणाऱ्या एका वकील बाईंनी घरात मार खाणाऱ्या पुरुषांच्या निवाऱ्याविषयी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वटपौर्णिमा जवळ आली की मराठी चॅनेलांना एक बातमी हमखास मिळते. छत्रपती संभाजीनगरजवळ पत्नीपीडित पुरुषांचा एक आश्रम आहे. तिथले पुरुष पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात आणि सात जन्म राहू द्या, हीच बायको पुन्हा नको, असं साकडं घालतात. मागे विनोदी संगीत, पडद्यावर लाटणं उगारलेल्या बाईचं व्यंगचित्र. तुम्ही आत्ता हसलात तसेच सगळे हसतात. पण रात्री अकरा वाजता घराबाहेर पडलेल्या माणसाला तिथे खाट मिळते का, वकील मिळतो का, सोबत मूल असेल तर काय, यातलं काहीही त्या बातमीत मी कधी ऐकलं नाही. फेऱ्या मारल्या की कॅमेरा येतो, खाट टाकली की येत नाही. मग फेऱ्याच होणार!

कोर्टनाक्याला माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतेय. वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. बाही वर केली तर तव्याच्या कडेचा अर्धगोल डाग. कंपनीच्या डॉक्टरला त्यांनी मशीनचं निमित्त सांगितलं होतं. दिव्याला मावसभावाकडे राहून झालं, तिथे वहिनींचा चेहरा बघून चार दिवसांत निघाले. मग स्टेशनजवळचं लॉज. पैसे संपले म्हणून ते घरी परतले असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. मुलगी तिसरीत होती, ती घरी होती, म्हणून परतले. पुरुषांचा निवारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा पुरुष येतो. बापाला मुलासकट घेणार नसाल तर ती नुसती कॉटबेसिसची खोली झाली.

आता कायदा बघा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री. तिला निवारागृहात जागा मागता येते, संरक्षण अधिकारी असतो. यातलं काही काढून घ्या असं मी म्हणणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 29 टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात सुमारे 4 टक्के जणी म्हणाल्या, की नवरा मारत नसताना आम्ही त्याच्यावर हात उचललाय. आकडे समान नाहीत, ओढूनताणून समान करूही नयेत. पण 4 टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि तुला कोणी मारतं का, हा प्रश्न त्या पाहणीत पुरुषांना विचारतच नाहीत.

पुरुषांसाठी आज उरतो तो महापालिकांचा शहरी बेघर निवारा. लाख लोकसंख्येमागे एक, असा त्याचा निकष. तो फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांनाच पुरत नाही.

नेदरलँड्समध्ये 2008 साली ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, द हेग आणि उत्रेख्त या चार शहरांनी मिळून पुरुषांसाठी 40 जागा सुरू केल्या. त्यात घरात मार खाणारे होते, इज्जतीच्या नावाखाली नातेवाइकांनी धमकावलेले होते, मानवी तस्करीतून सुटलेलेही होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे जातीबाहेर लग्न केलेला मुलगा, घरच्यांना समलिंगी असल्याचं कळलेला तरुण, लेकाचा मार खाणारा म्हातारा बाप, हे सगळे पुरुषच आहेत ना? यांना मारणारी बायको नसते, म्हणून लाटण्याच्या बातमीत ते बसत नाहीत.

दुसऱ्या प्रकारची बातमी विनोदी नसते, संतापाची असते. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात 1,22,724 पुरुष. एक तृतीयांशाच्या आसपास नोंदी कौटुंबिक समस्या या रकान्यात. लगेच मथळा येतो, की बायकांनी नवरे मारले. अहो, त्या रकान्यात भावाभावांची भांडणंही मोडतात! पुरुषांच्या दुःखाचा दगड करून बाईवर फेकला की टाळ्या मिळतात, खाट मिळत नाही. कॅनडात कॅलगरीला अर्ल सिल्व्हरमन यांनी स्वतःच्या घरात असा निवारा चालवला. सरकारी अनुदान मिळालं नाही, 2013 मध्ये घर विकायला लागलं आणि त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या नावाने आजही वाद घालतात.

मारणाराच पीडित बनून आला तर, असं मला महिला मंडळात विचारतात. रास्त शंका आहे. ब्रिटनमध्ये पीडित पुरुषांसाठी मेन्स ॲडव्हाइस लाइन ही हेल्पलाइन चालवते ती रिस्पेक्ट ही संस्था, आणि तीच संस्था मारहाण करणाऱ्यांसोबतही काम करते. दोन्ही बाजूंची भाषा कानावरून गेलेली माणसं दाराशी हवीत.

आम्ही काही जण चार खाटांची जागा शोधतोय. कुठे ते सांगणार नाही. सोसायटीवाले म्हणतात, बॅचलर नको. मी म्हणते, बॅचलर नाहीत हो, तीच तर अडचण आहे! पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागेल, कारण उद्या बायकोने गुन्हा नोंदवला तर आरोपी लपवला असं आमच्यावर यायला नको. सेकंड शिफ्टवाल्याला रात्री एकला दार उघडायला माणूस हवा.

मागच्या रांगेत पत्रकार मंडळी आहेत, त्यांना एवढंच. चेहरा ब्लर करू म्हणता, पण आवाज तोच राहतो आणि मागचा टॉवरही. घोडबंदरला शेजारी टॉवरवरून माणूस ओळखतात. तेव्हा आत कॅमेरा नाही. भाडं, लाइट बिल, रात्रीच्या माणसाचा पगार, किती जण आले आणि किती जणांना परत पाठवलं, हे दर तीन महिन्यांनी कागदावर देऊ. त्यातून बातमी करा. टीआरपी मिळणार नाही, त्याला माझा इलाज नाही.