घंटीवरचे नोव्हाक
(मंडळाच्या प्रागमधील मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी! जेवणाची वेळ होत आली आहे, तेव्हा एकाच आडनावावर बोलते.

इथे प्रागमध्ये इमारतीच्या दाराशी घंट्यांच्या ओळीत फ्लॅटचे नंबर नसतात, आडनावं असतात. आमच्या दाराशी दोन नोव्हाक, एक नोव्हाकोव्हा आणि एक नोवोत्नी आहेत. यात नवल काही नाही, कारण नोव्हाक हे चेक प्रजासत्ताकातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. पोलंडमध्ये आणि स्लोव्हेनियातही पहिला नंबर त्याचाच. 'नोव्ही' म्हणजे नवा. आपला 'नवा' आणि तो एकाच मुळाचे. नोव्हाक म्हणजे गावात नव्याने येऊन राहिलेला. नोवोत्नीचा अर्थही जवळपास तोच.

आता बघा, आपला सातारकर बाहेर पडला की मागचं गाव नावात बांधून नेतो. नोव्हाकच्या नावात मागचं गाव नाहीच. ते नाव त्याने घेतलेलं नाही, शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे. कुठून आला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं; हा आपल्यातला नव्हे, एवढं पुरे होतं. मग नातू-पणतू त्याच गावात जन्मले, तिथेच म्हातारे झाले, तरी नोव्हाक ते नोव्हाकच!

असे नवे लोक सतत येत असत. 1618 ते 1648 च्या युद्धाने तर बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातली, गावंच्या गावं ओस पाडली. त्यानंतर 1654 ची 'बेर्नी रुला' नावाची करनोंदणी झाली. तिच्यात ओसाड पडलेली शेतघरं वेगळी आणि नव्याने बसलेले शेतकरी वेगळे नोंदले आहेत. सारा कुणाकडून वसूल करायचा, हा खरा प्रश्न होता. नोव्हाक हे नाव त्याहून जुनं, पण ते पडायला अशा काळात निमित्तं भरपूर.

तरी प्रत्येक नोव्हाकचा पूर्वज उपराच होता असं समजू नका. इथे जुनी रीत होती, 'पो स्त्रेशे', म्हणजे छपरावरून नाव. नोव्हाकांच्या शेतघरात कुणी घरजावई आला किंवा कुणी ते विकत घेतलं, तर तोही नोव्हाक व्हायचा. नाव रक्ताचं नव्हे, छपराचं! त्यामुळे चर्चच्या नोंदवह्यांत एकच माणूस दोन नावांनी सापडतो आणि वंशावळ शोधणाऱ्यांची दमछाक होते. 1780 च्या दशकात सम्राट दुसऱ्या योसेफने आडनावं कायमची ठरवून टाकली, तेव्हा हा घोळ हळूहळू मिटला.

काही चेक आडनावं तर चक्क भूतकाळी क्रियापदं आहेत. 'नेयेडल' म्हणजे जेवला नाही. 'नाव्रातिल' म्हणजे परतला. मार्टिना नवरातिलोव्हाला हे नाव सावत्र वडिलांकडून मिळालं. 1975 मध्ये तिने अमेरिकेत आश्रय मागितला, पुढे तिथलीच नागरिक झाली आणि 2008 मध्ये चेक नागरिकत्वही परत घेतलं. आडनावाने उशिरा का होईना, आपलं खरं केलं म्हणायचं.

राहिला तो 'ओव्हा'. नोव्हाकची बायको किंवा मुलगी नोव्हाकोव्हा, पण नोवोत्नीची नोवोत्ना, कारण ते नाव विशेषणासारखं चालतं. विम्बल्डन जिंकलेली याना नोवोत्ना आठवत असेलच. इथल्या वर्तमानपत्रांनी तर इंदिराबाईंनाही सोडलं नाही, त्या 'गांधीओव्हा' झाल्या! 1 जानेवारी 2022 पासून मात्र कुठल्याही बाईला 'ओव्हा'शिवाय नाव लावता येतं. नावावरून आपली ओळख कुणाची तरी बायको अशी होऊ नये, असं म्हणणाऱ्या बायका खूश आहेत. व्याकरणवाले कुरकुरतात, कारण या भाषेत नावाला विभक्ती लागते आणि 'नोव्हाक'ची विभक्ती बाईला लावायची कशी? माझं मत विचाराल तर बाईचं नाव बाईने ठरवावं, विभक्तीचं व्याकरणवाले बघून घेतील.

आपल्यापैकी कुणाला कुलकर्णीओव्हा किंवा जोशीओव्हा नावाने पत्र आलं असेल, तर जेवताना माझ्या टेबलावर या. मला ती सगळी ऐकायची आहेत.