समासातला काउबॉय

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘देशोदेशीच्या पोस्टर्समधील काउबॉय’ असा छापलेला आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. मात्र त्याआधी पोस्टरच्या कडेला जो पांढरा समास सोडलेला असतो, त्याविषयी थोडे बोलण्याची परवानगी असावी, कारण घरच्यांनी हा विषय ऐकणे केव्हाच बंद केले आहे.

समोर ‘मॅकेनाज गोल्ड’ पाहिलेली मंडळी पुष्कळ दिसत असल्यामुळे वेस्टर्न म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. अमेरिकेत चित्रपटगृहाबाहेर लागणाऱ्या नेहमीच्या पोस्टरला ‘वन-शीट’ म्हणतात आणि त्याचे माप कित्येक दशके 27 बाय 41 इंच असे होते. हा कागद जपून ठेवण्यासाठी छापलेलाच नव्हता. 1920 मध्ये स्थापन झालेली नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी 1940 च्या दशकापासून बहुतेक मोठ्या स्टुडिओंची पोस्टर्स चित्रपटगृहांना भाड्याने पुरवत असे. चित्रपट उतरला की पोस्टर परत जाई आणि पुढच्या गावी पुन्हा डकवले जाई. आडव्या तीन आणि उभी एक अशा घड्या घातल्या की त्याचा पाकिटात मावेल एवढा चौकोन होत असे. ही रीत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सर्रास होती. म्हणून 1952 सालचे वन-शीट कोणी घडीच्या खुणेवाचून पुढे केले, तर जाणता संग्राहक हरखण्याआधी बिचकतो.

त्याच कंपनीचा क्रमांक तळाच्या समासात, उजव्या कोपऱ्यात असतो: वर्षाचे शेवटचे दोन आकडे, तिरकी रेघ आणि मग चित्रपटाचा क्रमांक. वर्षाच्या आधी ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असेल, तर पोस्टर पुनःप्रदर्शनाच्या वेळचे, आणि त्या एका अक्षराने किंमत कोसळते.

आता माझी तक्रार. गॅरी कूपर नायक असलेल्या ‘हाय नून’ (म्हणजे ‘भर दुपारी’) या 1952 च्या वेस्टर्नचे, समासात 52 हा आकडा असलेले पोस्टर मी निवृत्तीच्या पैशातून घेतले. माझ्या भाच्याने ते अमेरिकेहून सदऱ्यांच्या दोन थरांमध्ये ठेवून आणले, तेव्हा घडीचा शोध लावणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला मी मनोमन नमस्कार केला. पोस्टर फ्रेमवाल्याकडे दिले. दोन दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला, आणि अखेर फ्रेम हाती आली तेव्हा कूपरसाहेब जागच्या जागी होते, पण खालचा समास नव्हता. “साहेब, काच जरा लहान पडत होती. शिवाय खालचं बारीक छापलेलं वाईटच दिसत होतं, ते काढून टाकलं,” असे सांगून त्या सद्गृहस्थाने, कापण्याचे वेगळे पैसे घेणार नाही, असे मोठ्या मनाने जाहीर केले. ती सारी दुपार मी दुकानातल्या कचऱ्याच्या पोत्यात हात घालून बसलो. त्यात दत्तगुरूंच्या कॅलेंडरची कड मिळाली, कोणाच्या तरी पदवीच्या प्रमाणपत्राची कड मिळाली (तो पदवीधर आज कोठे नोकरी करतो, देव जाणे), पण 52 मिळाला नाही. आता माझे पोस्टर मूळचे की पुनःप्रदर्शनाचे, हे फक्त मला ठाऊक आहे आणि माझ्या शब्दाला लिलावात किंमत नाही.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरल्याचे तीत म्हटले आहे. तेव्हा छापील विषय आता धावतच उरकतो.

माझे म्हणणे असे की, पोस्टरवरचे चित्र काउबॉय दाखवते आणि समास तो कोणासाठी रंगवला हे सांगतो. बेल्जियमची पोस्टर्स आकाराने लहान असतात आणि त्यांवर एकाच चित्रपटाचे नाव बहुधा फ्रेंच व डच अशा दोन भाषांत असते, कारण ते एकाच भिंतीवरून तिथल्या दोन्ही भाषिकांना वाचता यावे लागे. इटलीत मोठ्या पोस्टरचे माप 100 बाय 140 सेंटिमीटर. तिथे 1964 मध्ये क्लिंट ईस्टवुडचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला, तेव्हा दिग्दर्शक म्हणून सर्जिओ लिओने यांचे नाव न देता ‘बॉब रॉबर्टसन’ असे दिले गेले. इटालियन माणसाने केलेला वेस्टर्न इटालियन प्रेक्षकच विकत घेणार नाहीत, ही धास्ती त्यामागे होती. अमेरिकेत तो चित्रपट 1967 मध्ये लागला. बंदूकधारी तोच, पण ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडणार नाही. ती श्रेयनामावलीच्या बारीक अक्षरांत आहे.

आणि शेवटचे उदाहरण पोलंडचे. 1989 च्या निवडणुकीसाठी तोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकाराने ‘हाय नून’मधला हाच गॅरी कूपर घेतला, त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली, छातीवरच्या ताऱ्याच्या वर कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचा बिल्ला लावला आणि तळाशी ‘भर दुपारी, 4 जून 1989’ अशा अर्थाची ओळ घातली. मतदान कधी आहे हे सांगणारी ओळ तीच, आणि ती खालच्या बाजूला आहे. माझ्या फ्रेमवाल्याच्या तावडीत ते पोस्टर सापडले असते, तर कूपर मतपत्रिका घेऊन नुसताच उभा राहिला असता.

दुसरी चिठ्ठी आली आहे, त्यामुळे थांबतो. बाहेर टेबलावर माझे तीन वन-शीट उघडून ठेवले आहेत. ते जरूर पाहावेत, आणि चहाचा पेला हातात असेल, तर कृपया लांबूनच पाहावेत.