पंखावर प्लायवूड की फायबर?

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज. गाळ्याच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या लाकडी रिब्ज.]

निवेदन:

ज्या कोल्हापूरने शेतकऱ्याला ऑइल इंजिन दिलं, पंप दिला, त्या कोल्हापुरात हौसेनं विमान बांधायला घेणाऱ्याला इंजिनाची भीती वाटत नाही. तो अडतो पंखापाशी. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य दांडे, झाले; रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, झाल्या; आता वरून आवरण काय चढवायचं? पातळ प्लायवूड, की फायबर, म्हणजे काचेचं कापड आणि त्यात मुरून घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन?

आवरण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. उडताना पंख वर वाकतो आणि त्याच वेळी पिळलाही जातो. वाकण्याचा भार मुख्यतः स्पार घेतो. पीळ अडवते ती पंखाची पुढची कड आणि स्पार यांच्यामधली बंद पेटी, आणि ती पेटी आवरणानंच बंद होते. म्हणून प्लायवूड असो वा काचेचं कापड, पीळ सोसायचा तिथे लाकडाचे तंतू वा कापडाचे धागे पंखाच्या लांबीला ४५ अंशांत तिरक्या ठेवतात.

वजनाचा हिशेब बघा. दीड मिलिमीटर जाडीचं बर्च प्लायवूड चौरस मीटरला साधारण एक किलो भरतं. चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं काचेचं कापड दोन थर घेतलं आणि तेवढ्याच वजनाचं इपॉक्सी मुरवलं, तर झालं १.२ किलो. आतला फोम आणि वरचं फिलर, म्हणजे खाचा भरणारा लेप, वेगळं. फायबर म्हणजे हलकं, ही समजूत हातानं केलेल्या कामात टिकेलच असं नाही. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, वजन मात्र देतं.

[दृश्य: जवळून. ब्रशखाली पांढरं कापड पारदर्शक होत जातं.]

तरी फायबरचा मोह पडतो, आणि तो खोटा नाही. प्लायवूड एकाच दिशेनं छान वळतं. दोन्ही दिशांनी गोलाई हवी असली की ते ऐकत नाही. फायबर कुठल्याही आकारावर बसतं. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये उडवलेल्या व्हॅरीईझ या छोट्या विमानानं दाखवून दिलं की साच्याशिवायही हे जमतं: गरम तारेनं फोम कापायचा आणि त्याच्यावरच कापड चढवायचं. रुटान यांच्याच लाँग-ईझीच्या आराखड्यावरून बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं केलेलं छोटं विमान १९८७ मध्ये उडालं. पुढे तिथूनच संपूर्ण कंपोझिटचं, म्हणजे कापड-रेझिनचं, ‘हंसा’ विमान आलं.

पण शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला फायबरचं काम चांगलं करणारा माणूस बोलावला, म्हणजे काम झालं असं समजू नका. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे भाग बहुतेक पॉलिस्टर रेझिनमध्ये होतात. ते रेझिन पॉलिस्टायरीन फोमवर पडलं तर फोम विरघळतो. पॉलिस्टरमध्ये हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव्य, थोडा कमी-जास्त करून वेळ साधता येते; इपॉक्सीत ते चालत नाही. प्रमाण वजन करूनच घ्यायचं, नाहीतर थर कायमचा मऊ राहतो. त्यात आपला आषाढ. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि तो धुऊन-घासून काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. उन्हाळ्याची अडचण निराळी. साध्या खोलीच्या तापमानाला वाळवलेलं इपॉक्सी फार तापलं की नरम पडतं, म्हणून ही विमानं पांढरी रंगवतात. कोल्हापूर विमानतळाच्या, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर मे महिन्यात गडद रंगाचा पंख उभा करून ठेवू नये.

पाऊस लाकडाचाही वैरी आहे. १९४४ साली भारतात असलेली ब्रिटिशांची लाकडी मॉस्किटो विमानं पंखाचे सांधे उकलल्यामुळे जमिनीवर बसवावी लागली. आधी दोष मोसमी हवेवर गेला. नंतरच्या चौकशीत कारखान्यातल्या सदोष जोडणीवर बोट ठेवलं गेलं. उपाय म्हणून पंखाच्या आवरणाच्या सांध्यावर लांबच लांब प्लायवूडची पट्टी चिकटवून पाण्याची वाट बंद केली. मला या प्रकरणातून धीर येतो. हवा आपल्या हातात नाही, सांधा आहे.

[दृश्य: प्लायवूडच्या कडेवर रंधा. पातळ साल निघते.]

आणि सांध्याचे हात कोल्हापुरात आहेत. इथल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणाऱ्या मिस्त्रींनी आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरचा मान ठेवला आहे. प्लायवूडचे दोन ताव जोडताना कडा तिरक्या तासतात, जाडीच्या बारापट. दीड मिलिमीटरला अठरा मिलिमीटरचा उतार. ताव पायऱ्यांसारखे एकावर एक मागे सरकवून ठेवायचे आणि सगळ्यांवरून एकदमच रंधा फिरवायचा. उतारावर प्लायवूडचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात. पट्ट्या सरळ आल्या तर उतार बरोबर. नागमोडी आल्या तर रंधा पुन्हा धरायचा. काम स्वतःच डोळ्यांना चूक दाखवतं. फायबरच्या थरांत अडकलेली हवा मात्र रंगाखाली दडते आणि नाण्यानं ठोकून, आवाज ऐकून शोधावी लागते.

माझं मत म्हणूनच स्पष्ट आहे. कोल्हापुरात पहिलंच विमान बांधत असाल, तर पंखाला प्लायवूड असलेलाच आराखडा निवडा. इंजिनाचं झाकण, पंखांची टोकं, चाकांवरची आवरणं अशा गोल भागांना फायबर वापरा. एक मात्र करू नका: आराखडा प्लायवूडचा असताना आपल्या मनानं फायबर चढवू नका. भार कुठून कुठे जातो, त्याचा सगळा हिशेब त्यामुळे बदलतो. आणि प्लायवूड विमानाच्या प्रतीचंच हवं. फर्निचरच्या प्लायवूडमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असू शकतात, वरून त्या दिसत नाहीत.

चिकटवण्याचं काम पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत काढावं. आतून प्रत्येक कप्प्याला वार्निश, आणि पाणी साचेल अशा प्रत्येक खालच्या कोपऱ्याला निचऱ्याचं भोक.

[दृश्य: शिकंजात धरलेला नमुन्याचा तुकडा.]

दर वेळी चिकटवायला इपॉक्सी कालवलं, की त्याच मिश्रणानं दोन टाकाऊ तुकडेही चिकटवायचे. पूर्ण वाळल्यावर ते शिकंजात धरून मोडायचे. लाकडाचे तंतू फाटले तर पुढे चला. सांध्यावर नुसती गुळगुळीत, चकचकीत रेघ दिसली, तर त्या मिश्रणानं जोडलेला प्रत्येक भाग उकलून पुन्हा करायचा.