रनिंग लाइन कुठली घ्यायची? आधी बोटं बघा

नमस्कार मंडळी! आज रविवार. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनसाठी गळ टाकायला कायद्यानं बंदी, म्हणून मी नदीवर नाही, ॲबरडीनमध्ये घरीच आहे. म्हटलं, तुंबलेला प्रश्न एकदाचा निकालात काढू: नकली माशीनं मासे धरायच्या, दोन हातांनी फेकायच्या फ्लाय रॉडला रनिंग लाइन कुठली?

प्राथमिक भाग पटकन. पुढे जड शूटिंग हेड, म्हणजे दोरीचा वजनदार तुकडा, मागे बारीक रनिंग लाइन, तिच्या मागे बॅकिंग, म्हणजे रिळावरची राखीव दोरी. हेड म्हणजे दगड, रनिंग लाइन म्हणजे त्याला बांधलेली दोरी. दोरी बारीक आणि गुळगुळीत, तर दगड लांब. झालं.

आणि इथेच फसायला होतं. कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच, "दादा, सगळ्यात लांब कुठली जाते?" अरे, मोनो जाते, एकपदरी नायलॉनची! मीही पहिल्या वर्षी तीच घेतली, ३० पौंडांचा ताण सोसणारी, झुळझुळीत. इथल्या डी नदीवर सॅमनचा हंगाम १ फेब्रुवारीला उघडतो. पाणी ३-४ अंश, तासाभरात बोटं परक्याची. रॉड मागे फिरवताना लाइन वरच्या हाताच्या बोटाखाली रॉडच्या कॉर्कच्या मुठीवर दाबून धरायची असते ना, तीच सटकली. रॉडवरचा ताण गेला आणि हेड पायाशी येऊन पडलं, पिळलेल्या धोतरासारखं. शेजारच्या आजोबांनी काही न बोलता थर्मासमधला चहा पुढे केला.

बरं, ती सटकली नाही असं धरू. गळाची नकली माशी प्रवाहात फिरून काठाशी आली, की लाइन हातानं ओढून घ्यायची. हेड आखूड असेल तर ओढ्याच ओढ्या! पहिला वेढा मोठा, पुढचे लहान होत जाणारे, सगळे हातात. बारीक ओली मोनो गारठलेल्या बोटांत कुठला वेढा कुठे, कळतच नाही.

म्हणून माझी चाचणी. दुकानात हिटरखाली लाइन चाचपू नका. घरी बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात बुडवा, मग मित्राची लाइन चिमटीत धरून त्याला ओढायला सांगा. सरकली? मग ती तुमची नाही, निदान थंडीत तरी नाही.

मी फेब्रुवारी-मार्चला प्लॅस्टिकचा लेप असलेली, जवळजवळ १ मिलिमीटर जाडीची वापरतो. थोडी कमी जाते, जाऊ दे. उन्हाळ्यात मोनो, तीही चपटी. ब्रेडेड, म्हणजे वेणीसारख्या विणलेल्या लाइनबद्दल विचारू नका, करवतीसारखी बोटं कापते; तिचे भक्त आता खाली भांडतील, भांडा.

ताकदीचं एक: माशीला बांधलेला टोकाचा धागा १२-१५ पौंडांचा असेल तर रनिंग लाइन किमान ३०ची हवी. अडकल्यावर तुटायचं ते टोक तुटू दे, महागडं हेड नको.

आता रत्नागिरीहून आलेली कमेंट: "आम्ही खडकावरून गरवतो, आमचा साधा तंगूस चालेल का?" भाऊ, मोनो म्हणजे तंगूसच की! ४० पौंडांचा घ्या, चालेल. फक्त रिळावरून काढला की त्याच्या स्प्रिंगा होतात, त्या आधी ताणून घालवायच्या. न ताणता नदीत उतरलात तर रॉडच्या कडीत गाठ ठरलेली. हे बघा, एक टोक दाराच्या कडीला अडकवलं, मी आता मागे मागे स्वयंपाकघरात जातो... अगं, जरा बाजूला हो, लाइन आहे!