बालीतली सकाळ आणि आजोबांची चित्राहुती

नमस्कार मंडळी! मला बाली ट्रिपबद्दल बोल म्हणून सांगितलंय, पण पर्थहून बाली चार तासांच्या आत येतं, इथले कितीतरी जण जाऊन आलेत, बीचचे फोटो सगळ्यांकडे आहेत, म्हणून मी फक्त एका अंगणाबद्दल बोलते.

उबुदला आम्ही होमस्टेमध्ये होतो. पहाटे खराट्याच्या आवाजाने जाग आली, बाहेर येऊन बघते तर घरमालकीण, त्यांना सगळे इबू म्हणायचे म्हणजे आई, ओट्यावर बसून नारळाच्या कोवळ्या पातीचे तळहाताएवढे चौकोनी द्रोण करत होत्या. चनांग सारी म्हणतात त्याला. बांबूच्या काडीने टोचायचं, पुढचा घ्यायचा, बघायचंसुद्धा नाही, आपल्याकडे बायका गप्पा मारता मारता वाती वळतात ना अगदी तसं. आत सगळ्यात आधी काय, तर विड्याचं पान, चुना आणि सुपारी. चक्क विडा! मग फुलं, आणि तीही कशीही नाही, पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं. उदबत्ती लावायची, फुलाने पाणी शिंपडायचं आणि हाताने तो धूर हलकेच देवाकडे सारायचा. घरच्या देवळात, दारात, रस्त्यावर, अगदी स्कूटरवरसुद्धा ठेवतात.

पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. भात झाला, आणि कुणी जेवायच्या आधी इबूंनी केळीच्या पानाच्या इवल्याशा तुकड्यांवर चिमूट चिमूट भात आणि मीठ घेतलं, एक चुलीपाशी, एक पाण्यापाशी, एक अंगणात. याला साइबान म्हणतात, रोजचं आहे. माझे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, आजी गोग्रास काढून ठेवायची. आमच्या घरात हे कधी थांबलं मला आठवतच नाही, कुणी ठरवून बंद केलं नाही, नुसतं राहून गेलं. तिकडे अंगणातला भात लगेच कोंबडीने खाल्ला, इबूंनी तिला हाकललंही नाही. देऊन झालं ना, मग झालं. उद्या परत.

देवळात गेलो तर पूजेनंतर कपाळाला ओले तांदूळ लावतात, अक्षताच की हो!

आणि अजून एक. त्यांचं नवीन वर्ष न्येपी, तेही शक संवताचं, आपल्या पंचांगात शके लिहितात तेच. 2023 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही 22 मार्चला आले, दोन्हीकडे 1945 सुरू झालं. त्या दिवशी तिकडे दिवा नाही, काम नाही, बाहेर पडणं नाही, करमणूक नाही, एअरपोर्टसुद्धा 24 तास बंद! आपला पाडवा ढोलताशांचा, तो मला हवाच आहे, पण एक दिवस सगळं गावच्या गाव गप्प बसतं हे मला फार मोठं वाटतं.

मागे चहाच्या टेबलावर एक चनांग ठेवलंय, काल रात्री लेकीने आणि मी मिळून केलं. नारळाची पात मिळाली नाही म्हणून केळीचं पान घेतलं, विड्याचं पान इंडियन स्टोअरमधलं. जवळ जाऊन नक्की बघा, फक्त फिरवू नका, निळं फूल उत्तरेला आहे.