सांधे दुखतात, म्हणूनच चालायचं

टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, सकाळी फिरायला येणाऱ्यांची झाडीतली जागा. धुकं अजून झाडांवरच आहे. बेळगावच्या थंडीत धडधाकट माणसाचीही बोटं आखडतात. या काकूंना तर उठल्यावर मूठ वळायलाच तासभर लागतो. बाटलीचं झाकण त्या कसं उघडतात बघा, दोन तळव्यांत धरून. वडगावात घरीच माग आहे. कांड्या भरायचं काम आता सुनेकडे गेलंय.

हा आमवात. वयानुसार गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. इथं शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तेही कधी ऐन तिशी-चाळिशीत, आणि बायकांमध्ये जास्त. सूज दिसते बोटांना. पण तोच दाह रक्तवाहिन्यांनाही आतून इजा करतो. म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट.

आणि घरचे काय सांगतात? काकूंच्याच शब्दांत: "जाऊबाई म्हणत्यात, बस की गप. बसलं की अजूनच आखडतंय!"

आता चाल बघा. सुरुवात रमतगमत, सांधे सैल होईपर्यंत. मग पावलं भराभर पडू लागतात. शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत धाप लागली पाहिजे. आठवड्याला अशी १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या संशोधकांनी तर आमवातासारखा दाहाचा संधिवात असलेल्या बायकांना सायकलवर बसवून ४-४ मिनिटं जोरात दमवलं, मधे थोडी उसंत, पुन्हा ४ मिनिटं. आठवड्यातून दोनदा, १० आठवडे. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: दमसास वाढला, दुखणं वाढलं नाही. गट लहानच होता, आणि देखरेखीखाली होता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढा जोर करू नये.

काकूंच्या फायलीत हातांचे एक्स-रे भरपूर. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट? एकही नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही हृदयाला जड जातात.

सांधा लाल, गरम झाला की त्या दिवशी वेग नाही, हातपाय नुसते हळूहळू हलवायचे. छातीत दाब आला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे सरकली, की फेरी तिथंच सोडायची आणि थेट दवाखाना गाठायचा.